चिंचेनं घासलेली काडतुसं

दसरा उलटला की लाखनीच्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून एक वास येतो. धान निसवून दाण्यात दूध भरायला लागलं की येणारा, कोवळा, ओलसर, जरासा गोड वास. पुढच्या दारातून हायवेवरच्या ट्रकांचा धूर आणि मागून हा. दोघांची गाठ पडते ती नेमकी माझ्या स्वयंपाकघरात, आणि माझ्या मनात येतं, झालं, आता काहीतरी होणार. काय होणार ते सांगता येत नाही. इतर बायकांना या दिवसांत दिवाळीची चाहूल लागते, चकलीची भाजणी सुचते. मी मात्र दाराची कडी लावून परत एकदा ओढून बघते.

तशी मी संशयी बाई आहे. दूधवाल्याचं माप, रेडिओवरचा पावसाचा अंदाज, फोनवर गोड बोलून काहीतरी विकणाऱ्या मुली, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. परवा सून दिवाळीसाठी समया घासत होती. पुडीतली पांढरी भुकटी पाण्यात कालवली, फडकं फिरवलं की समई लखलखीत. "बघा आई, लगेच निघालं!" ती म्हणाली. मी समई हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. इतक्या सहज जे निघतं ते मळाबरोबर आणखी काय घेऊन जातं, कोण जाणे. सून हसली. सासूला नव्या गोष्टींचं वावडं आहे, असं तिला वाटलं असणार. तिला काय सांगणार? पितळ घासण्यावरून एका घरात काय होऊ शकतं ते मी पाहिलेलं आहे.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी भंडाऱ्याहून सिहोऱ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावात आले. भंडाऱ्यात आमचं घर पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीला लागून होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात ठोके यायचे. त्यामुळे पितळ मला ठाऊक होतं. लोखंड तापवून पाण्यात टाकलं तर कडक होतं, पितळ तापवून पाण्यात टाकलं तर नरम पडतं, हे मी अंकलिपीच्या आधी शिकले असेन. सासरी हे ज्ञान उपयोगी पडेल असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. उपयोगी पडलं नाहीच म्हणा. अंगाशी मात्र आलं.

मामंजींकडे एक रायफल होती. धानाच्या राखणीसाठी तिचा परवाना होता. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीवर पूर्वी कोणी इंग्रज साहेब होता, त्याने विलायतेला परत जाताना ती मामंजींच्या वडिलांना दिली होती. साहेब मोठा हौशी. बाजारात मिळणाऱ्या गोळीवर त्याचं समाधान होत नसे, म्हणून त्याने रायफलीची नळी मागच्या बाजूने आपल्या मर्जीप्रमाणे कोरून घेतली होती. झालं असं की तिला बसेल असं काडतूस जगातल्या कुठल्याच कारखान्यात बनत नव्हतं. ते घरीच बनवावं लागे. साहेबाने जाताना रायफलीसोबत एक पोलादी साचा दिला होता, मुठीत मावेल एवढा. दुसऱ्या जातीच्या रायफलीची रिकामी पितळी टोपणं, म्हणजे उडालेल्या काडतुसांची कवचं, मामंजी नागपूरच्या एका मित्राकडून आणत. टोपण तेल लावून साच्यात घालायचं, हळूहळू दाबायचं, की त्याची मान बारीक होऊन यायची. मग तोंडाशी तापवायचं, पाण्यात टाकायचं. हे काम मामंजी गोठ्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात करत, म्हणजे पितळाचा बदलता रंग नीट दिसे. तरी एवढ्याने काम पुरं व्हायचं नाही. पहिला बार उडाला की ते पितळ नळीच्या पोटात फुगायचं आणि तेव्हा कुठे त्या रायफलीचा खरा आकार घ्यायचं. मला हे ऐकून हसू आलं होतं. नव्या सुनेचंही असंच असतं, आधी मान दाबायची आणि मग पहिल्या भडक्यात आकार घ्यायचा. हे अर्थात मी मनात म्हटलं.

परवान्यात हा घरचा कारखाना बसत होता की नाही, हे घरात कोणी विचारत नसे. ठाण्याचा शिपाई गावात आला की मामंजी त्याला आग्रहाने ओसरीवर बसवत, चहा पाजत आणि गोठ्याकडे पाठ करून बसत.

मामंजींच्या संशयापुढे माझा संशय म्हणजे काहीच नाही. ते पाणी पितानाही आधी गडूत डोकावून बघत. काडतुसाची पितळं त्यांनी ठेवली होती स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांच्या रांगेतल्या एका पितळी डब्यात. "चोर पेटी फोडते," ते मला म्हणाले होते, "डाळीचा डबा कोनी फोडत नाई." प्रत्येक पितळ किती वेळा उडालं याची खूण ते त्याच्या बुडावर करत. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग उरलेला असे, त्यात काडी बुडवून एकेका बारामागे एकेक ठिपका. पितळ जितक्या वेळा उडतं तितकं ते आतून थकतं आणि एखाद्या बाराला फाटतं. ठिपके जास्त झाले की ते बाद.

"रंगापेक्षा कानसीने चरा पाडलेला टिकेल ना?" मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "चरा पाडला का तेथूनच फाटते. तुले हे कोनं शिकवलं, सुनबाई?"

"कोणी नाही. आमच्या आळीत पितळेचं काम चालतं."

"हं," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात असले की ते त्या डब्याकडे एक नजर टाकून जात. त्यांच्या नजरेत मी आता जाणती झाले होते, आणि जाणत्या माणसावर त्यांचा विश्वास अजिबात नव्हता.

इतकी काळजी घेऊनही आदल्या वर्षी एक पितळ फाटलं होतं. ते सगळं मी ऐकलेलं, कारण तेव्हा मी त्या घरात नव्हते. मामंजींनी खांद्याला दस्ता लावला, गाल टेकवला, खटका दाबला आणि आगीचा लोट पुढे जायच्या ऐवजी मागे आला. डोळा वाचला. उजव्या गालावर मात्र काळपट निळे बारीक खड्डे कायमचे राहिले. बारूद कातडीत रुतून बसली होती. जेवताना त्यांचा तो गाल हलायचा नाही. मी वाढताना मुद्दाम डाव्या बाजूने वाढायची.

आता मामंजींच्या त्याच डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. नेम धरणं त्यांना जमेना. म्हणून त्या हंगामात रायफल हाती येणार होती ती आमच्या यांच्या, म्हणजे वसंतरावांच्या. लग्नाला पुरते सहा महिने झाले नव्हते. मी यांच्या गालाकडे बघायची आणि मला धडकी भरायची. देखणा होता हो माणूस. स्वतःला ते ठाऊक होतं, ही वेगळी गोष्ट.

आणि स्वभाव? बापाच्या अगदी उलट. कोणी काही सांगावं आणि यांनी मान डोलवावी. बाजारात शिळ्या भाजीला ताजी म्हणून उचलून आणणारा माणूस. "लोक काय उगाच खोटं बोलतील?" असं यांचं म्हणणं. असा माणूस त्या रायफलीला गाल लावणार होता.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, या सगळ्यावर फारसं बोलत नसत. बोलल्याच तर एखादं वाक्य. हे रायफल पुसत बसले की त्या जाता जाता म्हणत, "वसंता, आधी बापाचा गाल पाह्य, मंग तिले हात लाव." हे हसत. मामंजी गडू उचलून त्यात डोकावत.

कोजागरी झाली. हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं, भारी, उशिराचं धान दुधावर आलं. बोडीखालची आमची बांधी, धानाचं बांध घातलेलं शेत, सगळ्यात सरस. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, तिच्या पाझराने ती बांधी शेवटपर्यंत ओली राहायची. पहाटे तिच्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहिलं की दुधाचा वास अंगाला चिकटे. हा वास आपल्याला येतो तसा रानडुकरांनाही येतो. जंगल काही लांब नव्हतं.

त्याच आठवड्यात दिवाळीची भांडी काढली. आत्याबाईंच्या हातांना दरवर्षी या दिवसांत भेगा पडत. बोटांच्या पेरांत लालभडक चिरा. चिंचेचं पाणी लागलं की त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई, म्हणून नवी सून आल्यावर पितळ घासण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अंगणात बसून चिंच, राख आणि विटकरीची भुकटी घेऊन दोन दिवस घासत होते. घंगाळ, पाण्याचा गुंड, परात, समया. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर धुणं घेऊन गेले. परत आले तर अंगणात सगळे उभे.

उन्हात एक सूप ठेवलेलं. सुपात ती काडतुसाची पितळं. घासून पुसून अशी लखलखीत की बघताना डोळे दिपावेत. लाल ठिपक्याचा मागमूस नाही. कोणतं नवं, कोणतं जुनं, कोणतं बाद होण्याच्या बेतात, काही म्हणता काही कळत नव्हतं. शेजारी तो डाळीच्या रांगेतला डबाही घासून पालथा घातलेला.

मामंजी उकिडवे बसले होते. एकेक पितळ उचलून डोळ्याजवळ नेत आणि परत ठेवत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कोनं घासले हे?"

आमचा सालदार मंसाराम बैलांना वैरण टाकता टाकता थांबला होता. हे दारात. आत्याबाई अंगणातल्या चुलीजवळ, पाठमोऱ्या.

"सुनबाई, तूनं घासले का?"

"नाही, मामंजी. माझ्या भांड्यांत तो डबा नव्हताच."

"मंग डब्याले पाय फुटले असन."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. दिवाळीची भांडी घासताना नव्या सुनेने चुकून डबाही घासला, आतलं पितळ दिसलं तेही घासलं, असं कोणालाही वाटावं असाच तो प्रकार होता. पितळ दिसलं की दिवाळीत आमच्याकडच्या बायकांचे हात थांबत नाहीत. पण मी केलं नव्हतं. आणि मी केलेलं नाही हे माझ्याशिवाय फक्त ज्याने घासली त्यालाच माहीत होतं. त्या विचाराने माझी झोप उडाली.

त्यानंतरचे दिवस! घरातला प्रत्येक जण प्रत्येकाकडे तिरक्या डोळ्याने बघत होता. मामंजींना मी दोषी वाटत होते. चुकून नव्हे, मुद्दाम. पितळ जाणणारी पोर, तिला कळत नव्हतं होय? यांना वाटत होतं मंसारामने चांगली पितळं काढून विकली आणि जुनी घासून त्यांच्या जागी ठेवली. मंसाराम मला विहिरीवर गाठून म्हणाला, "बाई, हे घरातल्या मानसाचंच काम होय. मी कायले बोलू? बोललो तं माह्यावरच येते." तो बोलत होता यांच्याविषयी, हे मला नीट कळलं. आणि मी? माझाही संशय यांच्यावरच होता. बाप जुनी पितळं बाद करत जातो, उरतात थोडी, म्हणून ठिपकेच पुसून टाकले की सगळी नवी. असं डोकं चालवणारा माणूस हा नव्हे हे माहीत असूनही मी रात्री यांची बोटं हुंगून बघितली. चिंचेचा वास येतो का म्हणून. यांना वाटलं मी लाडात आले आहे.

आत्याबाईंवर संशय कोणाचाच नव्हता. भेगाळलेल्या हातांनी चिंचेला कोण शिवतं?

मामंजींनी जाहीर केलं, "एकबी भरनार नाई. ज्याचा भरवसा नाई त्याले पोराच्या तोंडापाशी ठेवनार नाई." मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की माझ्यावरचा आळही गोड लागला. नवी पितळं मिळायची सोय राहिली नव्हती, नागपूरचे मित्र त्याच उन्हाळ्यात वारले होते. म्हणजे रायफल आता खुंटीवरच राहणार.

पण डुकरांना कोण सांगणार? एका सकाळी बोडीखालची बांधी पाहून हे घरी आले ते थेट ओसरीवर बसले. मग मी स्वतः जाऊन पाहिलं. धान आडवं लोळवलेलं, लोंब्या चघळून थुंकलेल्या, चिखलात खुरांचे ठसे आणि सगळीकडे तो दुधाचा वास, आता आंबलेला. मला रडू आलं. वर्षभराचा भात होता तो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, थोडं पुढे. डबे वाजवले, शेकोट्या केल्या. डुकरं शेकोटीला वळसा घालून शेजारच्या धुऱ्याने येत.

"बाबाजी, बांधी जाऊन राहिली," हे मामंजींना म्हणाले. "सगळेच थोडी फाटतात? चांगले बी असन ना त्यात."

"असन. कोनते ते सांग."

"आवाजावरून पाहा ना. फुटकं मडकं आपन वाजवूनच पाह्यतो."

मामंजींनी गडू उचलून त्यात डोकावलं. पण मी पाहिलं, ते विचारात पडले होते. गावात येताजाता लोक टोमणे मारत होते, घरात रायफल अन् शेतात डुकरं. संशयी माणसालाही अब्रू असतेच. दुपारी त्यांनी पाट्याच्या दगडावर एकेक पितळ टाकून कान लावून ऐकायला सुरुवात केली. ठणण वाजलं की उजवीकडे, जरा बद्द वाटलं की डावीकडे. उजवीकडचा ढीग वाढत गेला. मी आतून प्रत्येक ठणण ऐकत होते. आतून थकलेलं पितळ फाटेपर्यंत छान वाजतं. मी आळीत वाढलेली, मला हे ठाऊक होतं, आणि मी बोलायला गेले तर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?

त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा लिंबाचं लोणचं होतं. आत्याबाईंना ते भारी प्रिय. त्यांनी फोड घेतली, भाताबरोबर कालवायला बोटं टेकवली आणि हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. मग चमचा मागितला. त्या घरात चमच्याने जेवणारं कोणी नव्हतं. मी चमचा दिला आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले. भेगा होत्याच, पण त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, आंबटाने पडतात तशा, आणि चिरांच्या तळाशी विटकरीचा तांबडा गाळ अजून बसलेला होता.

पुरुष उठून गेल्यावर मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही घासली ना ती?"

त्यांनी ताटातलं शेवटचं शीत चमच्याने गोळा केलं. "लय पाह्यतं वो तू."

"मग बोलला का नाहीत? माझ्यावर आळ आला."

"माहीत होतं मले." त्या अगदी शांत होत्या. "बोडीत फेकून देनार होती मी. मंग विचार केला, चोरी झाली म्हनतीन अन् मंसारामले ठान्यात नेतीन. त्याची लेकरं लहान आहेत. सुनेले ठान्यात नेत नाई कोनी."

मला हसावं की भांडावं ते कळेना.

"तुह्या सासऱ्याले मी सांगून सांगून थकली," त्या पुढे म्हणाल्या. "माह्यं आयकत नाई तो. पन त्याचा संशय आहे ना, त्याचं तो आयकते. म्हटलं, ठिपकेच नाई राह्यले तं हातच लावनार नाई. बरोबर झालंबी होतं." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. तिकडून ठणण आवाज येत होता. "पोराचं ध्यान नाई राह्यलं मले. तो कोनावरबी इस्वास ठेवते."

मी आत्याबाईंचे हात माझ्या हातात घेतले. खोबरेल लावलं. मला त्यांचा राग आला होता, खरंच आला होता, आणि त्याच वेळी त्यांना सोडून कुठे जाऊ नये असंही वाटत होतं. त्या घरात मी एकटी घाबरत नव्हते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मामंजी, हे आणि मंसाराम बोडीच्या पाळीकडे निघाले. ठणण वाजणाऱ्यांतली दोन काडतुसं मामंजींनी भरली होती. संशय त्यांचा अजून पुरता गेला नव्हता, म्हणून पहिलं काडतूस कोणी हाताने उडवायचं नाही असं ठरलं. पाळीवरच्या मोहाच्या झाडाच्या दुबेळक्यात, म्हणजे बेचक्यात, रायफल दोराने करकचून बांधायची आणि लांबून सुतळीने खटका ओढायचा. आत्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्यांच्यामागून चालायला लागल्या. मीही गेले. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी परतही पाठवलं नाही.

मंसारामने दोर आवळला. हे बांधाच्या आड बसले, सुतळी ओढली. आवाजाने बोडीतले बगळे सगळे एकदम उठले. धूर निवळल्यावर मामंजी पुढे गेले, बोल्ट ओढून पितळ काढलं, फिरवून फिरवून पाहिलं. कुठे चीर नाही. अगदी निर्दोष.

"पाहा!" हे उठून हात झटकत म्हणाले. चेहऱ्यावर केवढा आनंद. "म्हटलं नव्हतं मी? आना ते दुसरं. आज संध्याकाळी बसतो मी मचाणीवर."

मामंजींनी दुसरं काडतूस आत घातलं. मंसाराम दोर सोडू लागला. मला ओरडायचं होतं. एक चांगलं निघालं म्हणून दुसरं चांगलं कसं? यांनी रायफल घ्यायला हात पुढे केला आणि तेवढ्यात आत्याबाई मध्ये आल्या. त्यांनी मंसारामच्या हातातून रायफल काढून घेतली. जड होती, नळी खाली झुकली, त्यांनी ती मोहाच्या दुबेळक्यात टेकवली, बोडीच्या रिकाम्या बाजूला तोंड करून.

"हे मी उडवीन," त्या म्हणाल्या.

"तुले येते का?" मामंजी ओरडले. "सर तिकडं!"

"गालच ठेवाचा आहे ना. येते." आणि त्यांनी पदर मागे सारला, वाकून उजवा गाल दस्त्यावर ठेवला, हात खटक्याकडे नेला. "चांगलं आहे म्हनता तं चांगलंच असन. पोराच्या गालाले चालते, मले कायले नाई चालन?"

बगळे अजून वर फिरत होते. आत्याबाईंची ती बोटं, लाल, भेगाळ, कडा पांढऱ्या पडलेली, खटक्याच्या कडीत अडकली होती. मी मामंजींकडे बघितलं. ते बायकोच्या चेहऱ्याकडे नव्हे, तिच्या बोटांकडे बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या बोटांकडे. जन्मभर गडूतल्या पाण्यावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने या एका बाईवर कधीच घेतला नव्हता, आणि ते त्याला आत्ता तिथे उभं राहून कळत होतं.

"काहून?" ते म्हणाले. आवाज नव्हताच जवळजवळ.

आत्याबाईंनी गाल उचलला नाही. "मांगच्या साली तुमचा गाल कोनं धुतला? मीनं धुतला. मांस हाताले लागलं होतं माह्या. तुमचा धुतला. पोराचा नाई धुवाचा मले."

हे पुढे झाले. इतका वेळ हसऱ्या असलेल्या चेहऱ्यावर एवढं मोठं भय मी त्यानंतर आजवर पाहिलेलं नाही. त्यांनी आईच्या बोटांखालून आपली बोटं सरकवली, खटक्यापासून तिचा हात एकेक बोट करून सोडवला, बोल्ट उघडला. काडतूस गवतात पडलं. कोणी उचललं नाही. ते कसं निघालं असतं, चांगलं की वाईट, हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि माझ्यासारख्या बाईलाही ते जाणून घ्यावंसं वाटलं नाही.

परतताना मामंजी माझ्याजवळ येऊन चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "सुनबाई, घरी गेल्यावर चहा ठेव. साखर जास्त टाक, तुले गोड लागते." मला गोड लागतं हे त्यांनी कधी पाहिलं होतं, कोण जाणे. त्यांनी क्षमा मागितली ती एवढीच, आणि मला ती पुरली.

बोडीखालची बांधी त्या वर्षी निम्म्याहून अधिक गेली. हे आणि मंसाराम डबे बडवून बडवून उरलेली राखत राहिले. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पाहुणे आले तेव्हा तांदूळ तुमसरहून विकत आणावा लागला, आणि गावाने त्यावरून हसायचं तेवढं हसून घेतलं. आत्याबाईंनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. जेवताना त्यांच्या हातात चमचा होता.

आता आत्याबाई नाहीत, मामंजीही नाहीत. आम्ही लाखनीला राहायला आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. सकाळी आठाच्या सुमाराला हे मागच्या खिडकीशी आरसा टांगून दाढी करतात. बाहेरून धानाचा वास येत असतो. यांचं वय झालंय, हात थरथरतो, त्यामुळे मी चहाचा कप घेऊन समोरच बसते. "काय बघतेस एवढं?" हे विचारतात. "काही नाही, फेस राहिलाय," मी म्हणते. फेस राहिलेला नसतो. हे उजवा गाल फुगवून त्यावरून वस्तरा फिरवतात, तो सुरकुतलेला आहे, पांढऱ्या खुंटांचा आहे, बाकी त्याला काहीही झालेलं नाही. मग हे तोंड धुतात, मी टॉवेल देते, आणि चहा गार झालेला असतो.